खराब सॅम्पल आधी मागा

सुट्टीला संकेश्वरला आलो की हायवेलगतच्या वॉशिंग सेंटरवर मी हमखास थांबतो. पुणे-बेंगळुरू रस्त्यावरून तापून आलेली मोटारसायकल, आणि तिच्यावर लगेच प्रेशर पंपाचं गार पाणी. चाकणला आम्ही एबीएसचा चाकाजवळचा सेन्सर बनवतो, त्याची खरी परीक्षा इथं होते. गार पाणी पडलं की कनेक्टरमधली तापलेली हवा आकसते, आतला दाब उतरतो आणि रबरी सीलला केसाएवढी चीर असली तरी पाणी आत ओढलं जातं. त्या दिवशी काहीच होत नाही. काही महिन्यांनी पिना हिरव्या पडतात, डॅशबोर्डवर एबीएसचा दिवा लागून राहतो. ब्रेक लागतो, पण साखर कारखान्याच्या हंगामात ट्रॉल्यांनी रस्त्यावर आणलेल्या चिखलात चाक जाम झालं तर सावरणारं कोणी नाही.

१२५ सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलींच्या नव्या मॉडेलना एप्रिल २०१८ पासून आणि त्याच गटातल्या विक्रीला येणाऱ्या सगळ्याच नव्या गाड्यांना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचं झालं. तेव्हापासून हा सेन्सर खेड्यापाड्यांत पोचला.

कारखान्यात नवा पार्ट सुरू करताना पीपॅपसाठी, म्हणजे ग्राहकाच्या मंजुरीसाठी, साधारणपणे सलग किमान ३०० नग काढायचे, महत्त्वाच्या मापांचा सीपीके, म्हणजे मापं मर्यादेत किती नीट बसतात त्याचा आकडा, १.६७ च्या वर दाखवायचा. आकडे छान येतात. येणारच! त्या दिवशी लाइनवर सगळ्यात तयार हाताची ऑपरेटर बसलेली असते, रबराचा एकच लॉट असतो, आम्ही सगळे इंजिनिअर भोवती उभे असतो. पुढं काही महिने ‘सेफ लाँच’ म्हणून जादा तपासणी चालते, आणि तारीख उलटली की त्या तपासणीचं टेबल उचलतात. मला हे अजिबात पटत नाही. रबराचा दुसरा लॉट लागला का, रात्रपाळी नव्या माणसांवर चालली का, सील बसवायचं टूल बदलून पाहिलं का? एवढं झाल्याशिवाय ते टेबल हलता कामा नये.

आणि तपासणारं मशीनही तपासावं लागतं. लीक टेस्टमध्ये पार्टला हवेचा दाब देतात, काही सेकंद थांबतात आणि दाब किती उतरला ते बघतात. फिक्स्चरची बारीक नळी कचऱ्यानं बुजली की हवा पार्टपर्यंत पोचतच नाही. मग दाब उतरत नाही, आणि फुटक्या नगालाही हिरवा दिवा मिळतो. म्हणून पाळी सुरू होताना मुद्दाम सील कापलेला, लाल रंग दिलेला पार्ट लावायचा. मशीननं तो नापास केला तरच लाइन चालू. पास केला, तर मागच्या बरोबर तपासणीपासूनचा सगळा माल बाजूला काढायचा, ट्रकमध्ये चढला असला तरी उतरवायचा. डिस्पॅचवाले चिडतात. चिडू देत.

निडसोशीच्या कॉलेजातून, निपाणी-गडहिंग्लजकडून शिकून पुण्याला येणाऱ्या पोरापोरींना माझं एवढंच सांगणं आहे. नव्या लाइनवर चांगलं सॅम्पल तुम्हाला कोणीही दाखवेल. तुम्ही खराब सॅम्पल मागा, स्वतःच्या हातानं मशीनला लावा, आणि लाल दिवा लागला तरच सही करा.