वाक्य कुठे संपवायचे, हे आपण ठरवू

आपल्या मुलांच्या इंग्रजीबद्दल बोलणारे लोक दोन प्रकारचे भेटतात. एक, ज्यांना आपल्या मुलांचे उच्चार ऐकून हसू येते. दुसरे, जे या हसण्याला वैतागून म्हणतात की व्याकरण-बिकरण सगळे थोतांड आहे, मुद्दा पोहोचला म्हणजे झाले. पहिल्यांना उत्तर देण्यात मला रस नाही. दुसऱ्यांशी मात्र मला वाद घालायचा आहे, कारण ते आपलेच आहेत आणि त्यांचे म्हणणे ऐकून आपल्याच मुलांचे नुकसान होते.

मी समाजकार्य करते. आमच्या वस्तीतल्या बुद्धविहाराच्या वरच्या खोलीत अभ्यासिका चालते. तिथे गेली काही वर्षे मी मुलामुलींचे इंग्रजी लिखाण वाचते आहे. परदेशी शिष्यवृत्तीसाठीचे एस.ओ.पी., एम.ए.चे लघुप्रबंध, राष्ट्रीय अनुसूचित जाती आयोगाला पाठवायची निवेदने, संस्थांचे अहवाल. स्पेलिंगच्या चुका आता मोबाइलच दुरुस्त करतो. काळाच्या चुका सरावाने कमी होतात. एक दोष मात्र हुशारातल्या हुशार मुलाच्या लिखाणातही शेवटपर्यंत टिकून राहतो. त्याला इंग्रजीत रन-ऑन सेंटेन्स म्हणतात.

म्हणजे काय? स्वतःच्या पायावर उभी राहू शकणारी दोन पूर्ण वाक्ये मध्ये योग्य सांधा न देता एकमेकांना चिकटवली, की रन-ऑन होते. मध्ये काहीच नसेल तर त्याला फ्यूज्ड सेंटेन्स म्हणतात आणि नुसता स्वल्पविराम असेल तर कॉमा स्प्लाइस. आपल्याकडे दुसरा प्रकार जास्त. एका मुलाने एस.ओ.पी.मध्ये एक वर्ष वाया का गेले हे सांगताना लिहिले होते: "द स्कॉलरशिप केम लेट, आय कुड नॉट पे द फीज, आय लॉस्ट वन इयर." ही तीन वाक्ये आहेत, दोन स्वल्पविरामांवर लोंबकळत असलेली.

इथे एक गैरसमज आधीच काढून टाकू. रन-ऑन म्हणजे लांब वाक्य नव्हे. वरचे वाक्य छोटेसेच आहे, तरी ते रन-ऑन आहे. उलट आपल्या संविधानाची उद्देशिका पाहा. मूळ इंग्रजीत ती ८० हून अधिक शब्दांची आहे आणि व्याकरणाने ते एकच वाक्य आहे. कर्ता सुरुवातीला येतो: आपण, भारताचे लोक. मुख्य क्रियापद पार शेवटी येते: स्वीकृत, अधिनियमित आणि अर्पण करतो आहोत. मधला न्याय, स्वातंत्र्य, समता आणि बंधुतेचा सगळा मजकूर त्या एका कर्त्याला आणि क्रियेला बांधलेला आहे. कुठेही दुसरे वाक्य चोरपावलांनी आत शिरत नाही. म्हणून "छोटी वाक्ये लिहा" हा सल्ला अपुरा आहे. वाक्य कितीही लांब असो, त्याचा सांधा पक्का हवा.

मग हा दोष आपल्या मुलांकडून इतका का होतो? बुद्धी कमी म्हणून नाही, तर मराठी पक्की म्हणून. मराठीत क्रियापद साधारणपणे वाक्याच्या शेवटी येते. "शिष्यवृत्ती उशिरा आली, फी भरता आली नाही, वर्ष गेले." आली, नाही, गेले. प्रत्येक क्रियापद कानाला सांगते की इथे एक गोष्ट संपली. त्यामुळे मध्ये स्वल्पविराम असला तरी मराठी वाचक अडखळत नाही. इंग्रजीत क्रियापद मध्ये येते, त्याच्यापुढेही शब्द येत राहतात. तिथे गोष्ट संपल्याची खूण क्रियापद देत नाही, ती विरामचिन्हाने किंवा जोडशब्दाने द्यावी लागते. दुसरे कारण आपल्या 'ऊन' प्रत्ययाचे. "फॉर्म भरून, दाखले जोडून, तहसीलला जाऊन देऊन आले" हे मराठीत एकच वाक्य आहे, कारण पूर्ण क्रियापद शेवटचे एकच. तेच इंग्रजीत उतरवताना मुले लिहितात: आय फिल्ड द फॉर्म, आय अटॅच्ड द सर्टिफिकेट्स, आय वेंट टू द ऑफिस. एकाची तीन वाक्ये झाली, पण स्वल्पविराम मराठीतलाच राहिला.

हे आम्हाला शाळेत कुणी सांगितले नाही. माझ्या पिढीला मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून भेटले, पहिलीपासून ते २००० साली सुरू झाले. पाचवीपासून असो की पहिलीपासून, 'डू अ‍ॅज डायरेक्टेड'खाली कर्मणी प्रयोग करा, प्रश्नार्थक करा, अधोरेखित शब्द बदला, एवढेच. तिथे वाक्य छापून तयार असायचे. ते कुठे संपते हे ठरवण्याची वेळ विद्यार्थ्यावर येतच नसे. पुढे एम.ए.ला माझ्या एका मैत्रिणीचा लघुप्रबंध परत आला, तेव्हा पानोपानी लाल शाईत "लँग्वेज पुअर" एवढेच लिहिलेले होते. पुअर म्हणजे नेमके काय, हे एका शब्दानेही नाही. तिने त्यातून काढलेला अर्थ असा, की आपल्यातच काहीतरी कमी आहे. प्रत्यक्षात तिच्या लिखाणात एकच दोष पुन्हा पुन्हा येत होता आणि तो अर्ध्या तासात समजावता आला असता. दोष नेमका न सांगता माणसालाच कमी ठरवणे ही या देशातली जुनी रीत आहे.

आता मूळ मुद्द्यावर येते. मुद्दा पोहोचला म्हणजे झाले, असे म्हणणाऱ्यांना माझा प्रश्न आहे: रन-ऑनमधून मुद्दा खरोखर पोहोचतो का?

महाडचे उदाहरण घ्या. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब आणि परिषदेचे प्रतिनिधी चवदार तळ्याचे पाणी प्याले. त्यानंतर गावात अफवा उठली की हे लोक आता वीरेश्वराच्या मंदिरात शिरणार. जेवत असलेल्या प्रतिनिधींवर जमावाने हल्ला केला. हे कुणी इंग्रजीत असे लिहिले: "द डेलिगेट्स ड्रँक द वॉटर, अ रूमर स्प्रेड, द मॉब अटॅक्ड देम." वाचकाला तीन घटना कळल्या. पण हल्ला का झाला? स्वल्पविराम त्यावर गप्प आहे. "द मॉब अटॅक्ड देम बिकॉज अ रूमर स्प्रेड" असे लिहिले तर सगळा दोष अफवेवर जातो, जमाव बिचारा फसलेला ठरतो. "द मॉब अटॅक्ड देम बिकॉज दे हॅड ड्रंक द वॉटर; द रूमर वॉज ओन्ली अ प्रीटेक्स्ट" असे लिहिले तर अफवा हे निमित्त ठरते आणि समतेचा हक्क बजावणे हे कारण ठरते. घटना त्याच, पण जोडशब्द बदलला की इतिहासाची मांडणी बदलते. रन-ऑन लिहिणारा ही मांडणी करतच नाही, ती वाचकावर सोडून देतो. आणि वाचक आपल्या बाजूचाच असेल याची खात्री कुणी दिली?

जोडशब्दाची ताकद कायद्यात तर उघड दिसते. १९८९ च्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यातले कलम ३(२)(५) गंभीर गुन्ह्यांसाठी जन्मठेपेची तरतूद करते. मूळ शब्दरचनेत गुन्हा पीडित व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीची आहे "ऑन द ग्राउंड दॅट", म्हणजे त्या कारणावरून, झालेला असावा लागे. या शब्दांवर बोट ठेवून अनेक खटल्यांत हे कलम टिकू दिले गेले नाही. २०१५ च्या दुरुस्तीने तिथे "नोइंग दॅट" आले, म्हणजे पीडिताची जात माहीत असताना केलेला गुन्हा. ही दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून लागू झाली. दोन उपवाक्यांमधला सांधा बदलला आणि काय सिद्ध करायचे तेच बदलले. ज्या समाजाच्या न्यायाचे प्रश्न अशा सांध्यांवर अडतात, त्याच्या कार्यकर्त्यांनी सांध्याकडे दुर्लक्ष करावे?

आता दुरुस्ती. आधी दोष ओळखा. पेन्सिल घ्या आणि आपल्या वाक्यातल्या प्रत्येक पूर्ण क्रियापदाखाली रेघ मारा, मग त्याचा कर्ता शोधा. कर्ता-क्रियापदाच्या दोन जोड्या सापडल्या तर मधल्या जागी काय आहे ते पाहा. आधीचा भाग झाकून पुढचा वाचा, पुढचा झाकून आधीचा वाचा. दोन्ही एकेकटे पूर्ण वाटत असतील आणि मध्ये नुसता स्वल्पविराम असेल, तर ते रन-ऑन आहे. "मोठ्याने वाचा आणि जिथे थांबाल तिथे पूर्णविराम द्या" या सल्ल्यावर विसंबू नका. आपण मराठीच्या सवयीने थांबतो.

दुरुस्तीचे मार्ग चार. त्या मुलाचेच वाक्य घेऊ. पहिला मार्ग पूर्णविराम: "द स्कॉलरशिप केम लेट. आय कुड नॉट पे द फीज." दुसरा अर्धविराम: "द स्कॉलरशिप केम लेट; आय कुड नॉट पे द फीज." दोन्ही वाक्ये स्वतंत्र राहतात, पण जवळची आहेत हे कळते. तिसरा, स्वल्पविरामासोबत फॉर, अँड, नॉर, बट, ऑर, येट, सो या सातांपैकी एक: "द स्कॉलरशिप केम लेट, सो आय कुड नॉट पे द फीज." चौथा, एका वाक्याला दुसऱ्याच्या आधारावर ठेवणे, म्हणजे आपले शाळेतले मिश्र वाक्य: "आय लॉस्ट वन इयर बिकॉज द स्कॉलरशिप केम टू लेट फॉर मी टू पे द फीज." त्या मुलाने शेवटचा मार्ग निवडला आणि बरोबर निवडला. त्याच्या अर्जातली एका वर्षाची गॅप ही परीक्षकाची पहिली शंका असणार होती. आता कारण शंकेच्या आधी पोहोचते.

एक सापळा लक्षात ठेवा. हाउएव्हर, देअरफोर, देन हे शब्द जोडशब्दासारखे दिसतात, पण त्या सातांत नाहीत. "वुई गेव्ह अ कंप्लेंट, हाउएव्हर, द पोलीस डिड नॉट रजिस्टर इट" हे अजूनही रन-ऑनच आहे. हाउएव्हरच्या आधी अर्धविराम किंवा पूर्णविराम हवा, नाहीतर सरळ बट वापरा. आणि व्याकरण तपासणाऱ्या अ‍ॅपवर सगळे सोपवू नका. ते स्वल्पविरामाच्या जागी पूर्णविराम घालून देईल, पण वर्ष कशामुळे गेले हे तुम्हालाच ठाऊक आहे.

राहिला शुद्ध-अशुद्धाचा आक्षेप. "आनी-पानी" म्हणणाऱ्याला हसणे हा जातीचाच माज आहे, त्यात मला शंका नाही. नामदेव ढसाळांच्या 'गोलपिठा'ने १९७२ साली प्रमाण मराठीची चौकट मोडली, तेव्हा मराठी श्रीमंत झाली. पण न आणि ण यांच्या फरकाने पाण्याचा अर्थ बदलत नाही. वाक्याचा सांधा निखळला की अर्थ बदलतो. आणि चौकट जाणून मोडणे वेगळे, ती कुणी दाखवलीच नाही म्हणून अडखळणे वेगळे. विरामचिन्हे तरी कुणाची मिरास आहेत? जुन्या पोथ्यांमध्ये आजची विरामचिन्हे नव्हती. ती मराठीत १९व्या शतकात इंग्रजीवरून आली आणि मेजर थॉमस कँडी यांचे नाव त्यासाठी घेतले जाते. पूर्णविराम हे कुणाच्या बापजाद्यांचे वतन नाही.

संविधानाचे कलम १७ इंग्रजीतून उघडून पाहा. त्यात दोनच वाक्ये आहेत. पहिल्या वाक्यात दोन विधाने अँडने जोडली आहेत: अस्पृश्यता नष्ट केली आहे आणि तिचे कोणत्याही स्वरूपातले आचरण निषिद्ध आहे. मग पूर्णविराम. दुसरे वाक्य स्वतंत्रपणे सांगते, की अस्पृश्यतेतून येणारी कोणतीही निःसमर्थता लादणे हा कायद्याने शिक्षापात्र अपराध आहे. आधी घोषणा, मग गुन्हा. पळवाट काढणाऱ्याला शिरायला फट नाही.

आपापल्या अभ्यासिकेत एवढे करा. महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन-भाषणांचा पहिला खंड काढा. त्यातले एक पान निवडा, क्रियापदांखाली रेघा मारा आणि दोन वाक्यांमध्ये बाबासाहेबांनी कोणता सांधा वापरला ते पाहा. दुसऱ्या दिवशी तीच पेन्सिल स्वतःच्या अर्जावर चालवा. आठवड्याला एक पान पुरे. ज्याला हे आधी जमेल, त्याने शेजारच्या मुलीला शिकवावे आणि तिच्या कागदावर "लँग्वेज पुअर" न लिहिता दोष नेमका कुठे आहे ते बोट ठेवून दाखवावे.

जय भीम!