एका उंबऱ्याचं गाव

गाव केवढं, हे आमच्याकडे उंबऱ्यांवरून सांगतात. चारशे उंबऱ्यांचं गाव, चाळीस उंबऱ्यांची वाडी. अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात मोनोवाय नावाचं गाव आहे, त्याचा हिशेब मात्र एकाच उंबऱ्यावर संपतो. २०१०च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या भरली १. रस्त्याच्या कडेच्या हिरव्या पाटीवरही गावाच्या नावापुढे तो एकटा आकडा उभा.

राज्याच्या अगदी उत्तर काठावर, नायोब्रारा आणि मिसुरी या दोन नद्या एकमेकींना भेटण्याआधी जो चिंचोळा प्रदेश सोडतात, त्या बॉइड काउंटीत हे गाव आहे. क्षेत्रफळ जेमतेम ५४ हेक्टर. प्रेअरी म्हणजे सपाट गवताळ मैदान, असं आपण शाळेत पाठ केलेलं असतं. इथली जमीन तशी नाही. कुणी पांघरूण घेऊन कुशीवर निजावं तशी उंचसखल आहे; ओढ्यांनी घड्या पाडलेली, वाऱ्याने गवत एका अंगाला झुकवलेली. झाडं पाण्याच्या कडेकडेने, बाकी नुसतं आभाळ.

या घड्यांवर माणसाने चौकटीचं कापड पसरलं. १७८५च्या कायद्याने मैल-मैल बाजूचे चौकोन आखायला सुरुवात झाली, आणि १८६२च्या कायद्याने त्यातला पाव चौकोन, म्हणजे १६० एकर, पाच वर्षं राहून कसणाऱ्याला देऊ केला. आमच्या शिवाराची हद्द ओढा सांगतो, बांध सांगतो, नाहीतर शेंदूर फासलेला म्हसोबा. तिथे ती मोजणीदाराच्या साखळीने सांगितली. जमिनीला कुणी विचारलं नाही.

जमिनीवरच्या माणसांना तरी कुठे विचारलं? या नद्यांच्या मुलखात पोंका हे आदिवासी लोक राहत होते. १८७७ साली त्यांना हुसकावून दूर दक्षिणेला नेलं. तिथे त्यांचा प्रमुख स्टँडिंग बेअर याचा मुलगा वारला. त्याला नायोब्राराच्या मातीत पुरायचं म्हणून बाप ऐन हिवाळ्यात अस्थी घेऊन उत्तरेकडे निघाला, आणि वाटेत पकडला गेला. १८७९ मध्ये ओमाहाच्या न्यायालयाने निकाल दिला, की कायद्याच्या नजरेत ‘इंडियन’ हीदेखील व्यक्तीच आहे. शिरगणतीआधी शीर आहे हे सिद्ध करावं लागलं, असा हा प्रांत.

मोनोवाय वसलं नंतर, १९०२च्या सुमारास, रेल्वे आली म्हणून. नावाचा अर्थ कुठल्याशा आदिवासी भाषेत ‘फूल’ असा सांगतात. रानफुलं पुष्कळ होती म्हणे. १९३०च्या दशकात वस्ती दीडशेच्या घरात पोचली. दुकानं, शाळा, चर्च, सगळं होतं. पण ९८ अंश पश्चिम रेखांशाच्या पलीकडे पावसाचा भरवसा कमी होत जातो, आणि कागदावर भरघोस दिसणारे १६० एकर एका कुटुंबाला पुरेनासे होतात. त्यात ट्रॅक्टर आले. दहा घरांचं काम एक घर करू लागलं. उरलेल्या नऊ घरांनी शहराची वाट धरली. साठच्या दशकाअखेर दुकानं आणि टपाल कचेरी गेली, १९७४ मध्ये शाळा. साथ नाही, पूर नाही, लढाई नाही. एकेक ट्रंक बांधून गाव निघून गेलं.

२००० साली दोघं उरली होती, रूडी आणि एल्सी आयलर. २००४ मध्ये रूडी गेले. वाचनाचा नाद असलेल्या या गृहस्थांची सुमारे ५,००० पुस्तकं एका छोट्या खोलीत मांडून एल्सीबाईंनी गावाला ग्रंथालय दिलं. गावाला म्हणजे कुणाला, हे विचारू नये. त्या महापौर, त्याच कारकून, त्याच खजिनदार, आणि गावातला एकमेव गुत्ताही त्यांचाच. दारूचा परवाना त्या स्वतःच स्वतःला मंजूर करत. तिथल्या पाटीवर गावातली सगळ्यात थंड बिअर इथे मिळते असं लिहिलेलं आहे; खोटं कोण ठरवणार?

२०२०च्या जनगणनेत मोनोवायची लोकसंख्या अचानक दुप्पट झाली: २. पाळणा हलला नव्हता, पाहुणा राहिला नव्हता. कुणाची खासगी माहिती आकड्यांतून ओळखू येऊ नये म्हणून जनगणना खातं छोट्या आकड्यांत मुद्दाम थोडी सरमिसळ करतं. जिचं नाव जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आलं, त्या बाईला लपवायला सरकारने आणखी एक माणूस कल्पिला.

आपल्याकडच्या महसुली दप्तरात ओसाड गावाला एक जुना शब्द आहे: बेचिराग. दिवा नसलेलं. बोलीत आपण त्याचं बेचिराख केलं आणि त्यात उगाच राख कालवली. मूळ शब्दात जाळपोळ नाहीच, तिन्हीसांजेला कुणी वात लावत नाही एवढंच आहे. मोनोवायच्या रस्त्यावर मोजके दिवे आहेत. त्यांच्या खर्चासाठी गावाने कर बसवायला हवा, तो एल्सीबाई बसवत. कर गावकऱ्यांनी भरायला हवा, तोही एल्सीबाई भरत. मग सांज झाली की ते दिवे लागत, मोडक्या घरांच्या पडवीत शिरलेल्या गवतावर.