ट्यूबलाइटखालची पावती

अण्णांनी पाठवलेला फोटो मी तीनदा मोठा करून पाहिला. वीजबिल भरल्याची हिरवी खूण दिसत होती, 1,840 रुपये दिसत होते, काचेत खाली चष्म्यासकट खुद्द अण्णा दिसत होते. व्यवहाराच्या ज्या बारा आकडी क्रमांकासाठी हा सगळा खटाटोप, त्यावर मात्र घरातली ट्यूबलाइट आडवी झोपली होती. आपल्या फोनच्या पडद्याचा फोटो त्यांनी आईच्या फोनने काढला होता.

पैसे खात्यातून गेले होते आणि बिल थकीतच दिसत होतं. मी सांगलीला गेल्यावर तो क्रमांक ॲपमधल्या जुन्या व्यवहारांत दोन मिनिटांत सापडला, काउंटरवर दाखवला आणि प्रकरण मिटलं. पण अण्णांचं समाधान झालं नाही. “आत असेल गं, पण माझ्या हातात कुठाय?”

हा प्रश्न पोस्टाच्या काउंटरवर छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाचा होता. आमच्या दाराआड आकडा असलेली एक तार लटकायची. दूध, वीज, घरपट्टी, सगळ्या पावत्या त्यात भोसकलेल्या. वर्ष सरलं की गठ्ठा सुतळीने बांधून माळ्यावर. गेल्या काही वर्षांत त्या तारेला नवा कागद लागला नव्हता, आणि ते त्यांना खटकत होतं हे माझ्या उशिरा लक्षात आलं.

म्हटलं, स्क्रीनशॉट शिकवू. पहिली दहा मिनिटं माझ्याच चुकीने गेली. माझ्या आयफोनवर बाजूचं बटण आणि आवाज वाढवायचं बटण लागतं; अण्णांच्या अँड्रॉइडवर पॉवर आणि आवाज कमी करायचं. मी सवयीने वरचं बटण सांगत राहिले आणि त्यांचा फोन दाद देईना. चूक कळल्यावर दुसरी अडचण. अण्णा बटणं एकदम न दाबता एकामागून एक दाबत. कधी पडदा काळा, कधी आवाजाची पट्टी. जास्त वेळ धरली तर फोन बंद करायचा का, अशी विचारणा. शेवटी मी म्हटलं, “अण्णा, तारखेचा शिक्का कसा मारत होतात? दाबून धरत होतात का?”

“छे! धप्प, की उचलला.”

पुढच्याच खेपेला कॅमेऱ्यासारखा टिक आवाज झाला.

खरं तर अण्णांना हसायचा मला अधिकार नव्हता. माझा पहिला अँड्रॉइड फोन 2010 चा. त्यात ही सोय नव्हतीच. आयफोनवर ती 2008 मध्ये आली होती, पण अँड्रॉइडवर दोन बटणांची युक्ती सरसकट मिळाली ती 2011 मधल्या 4.0 या आवृत्तीपासून. त्याआधी फोन कॉम्प्युटरला जोडून काय काय करावं लागे. मी ते केलं नाही. नवऱ्याच्या कॅमेऱ्याने फोनचा फोटो काढला होता. हे अण्णांना सांगितलं नाही.

संधिवाताच्या बोटांना बटणं फार वेळ जमेनात, म्हणून सेटिंगमधून तीन बोटांची सोय चालू करून दिली. तीन बोटं टेकवायची, खाली ओढायची. “भस्माचे पट्टे ओढायचे की!” अण्णा म्हणाले. “भस्म आडवं असतं, हे उभं,” आई स्वयंपाकघरातून.

एक स्क्रीनशॉट मी कडेने कापून सुटसुटीत केला, तर अण्णा कावले. “वरची वेळ का कापलीस?” पडद्याच्या माथ्यावरचं घड्याळ ही माझ्या दृष्टीने अडगळ, त्यांच्या दृष्टीने शिक्का. मग स्वतःच म्हणाले, पण यात तारीख कुठाय? फाइलच्या नावात आकड्यांची लांबलचक रांग असते, त्यात वर्ष, महिना, दिवस, वेळ सगळं असतं, हे मी दाखवलं. माझ्या फोनमध्ये हजारेक स्क्रीनशॉट पडले आहेत: पाककृती, साड्या, भांडणातले मेसेज. त्यातला एकही मी पुन्हा उघडलेला नाही. अण्णांनी संध्याकाळपर्यंत ‘वीज’, ‘गॅस’, ‘औषध’ असे अल्बम केले.

दुसऱ्या दिवशी गणपती पेठेत भाजी घेताना त्यांनी ऐटीत तीन बोटं ओढून भाजीवाल्यापुढे फोन धरला. तो पाहीचना. पैसे आल्याचं सांगणारा डबा बोलल्याशिवाय तो पिशवी सोडत नाही. खोटे स्क्रीनशॉट दाखवून जाणारे भेटतात म्हणाला. मला वाटलं अण्णा दुखावतील. पण परतताना ते म्हणाले, बरोबरच आहे त्याचं. नुसत्या शिक्क्यावर पैसे आम्ही तरी कुठे देत होतो? मी त्यांना वकील मैत्रिणीकडून ऐकलेलं सांगितलं. अशी इलेक्ट्रॉनिक नोंद छापून कोर्टात द्यायची तर सोबत प्रमाणपत्र लागतं; आधी पुरावा कायद्याच्या कलम 65 ब खाली, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली. अण्णा खूश. “म्हणजे सही लागतेच!”

निघायच्या आदल्या रात्री ते बँकेचं ॲप उघडून बसले. पेन्शन जमा झालेलं पान, तीन बोटं, आणि पडद्यावर सूचना: सुरक्षेच्या कारणास्तव स्क्रीनशॉट घेता येणार नाही. दोनदा, तीनदा, तेच. मी समजावलं की ॲप बनवणारेच त्या पानाला तशी खूण लावून ठेवतात. मग फोन त्याचं चित्र कुणाला देत नाही, फोनमध्ये लपून पाळत ठेवणाऱ्या दुसऱ्या ॲपलाही नाही. तुमच्या काउंटरला जाळी होती ना, तसं. अण्णांनी मान डोलावली. पटलेलं दिसलं.

मग उठून आईच्या उशाचा फोन घेतला, कॅमेरा लावला आणि म्हणाले, “तेवढी ट्यूब मालव गं.”