स्थलदर्शन

‘स्थलदर्शन’ हा शब्द मी कॉलेजात आल्यावर शिकले. भूगोलाच्या तासाला ऐकले, की स्वीडनची राजधानी स्टॉकहोम चौदा बेटांवर वसली आहे. बोटीतून शहर पाहायला जगभरचे लोक तिथे जातात. वाटले, पाणी तर आमच्या सिद्धेश्वरलाही आहे! पूर्णा नदीवर वरच्या अंगाला येलदरी, खाली आमचे धरण. ते पाहायला सहली येतात. आमच्या घरातले मात्र कुणी तिथे नुसते पाहायला म्हणून गेले नव्हते.

दिवाळीच्या सुटीत आईला घेऊन निघाले. आधी औंढा नागनाथ. देवाचे नाव घेतल्याशिवाय आई घर सोडती ना! अरुंद वाटेने खाली उतरून गाभाऱ्यात दर्शन घेतले. देवळाच्या मागे नंदी दिसला. नामदेवांना मागे जाऊन कीर्तन करायला लावले, तेव्हा देऊळच त्यांच्याकडे फिरले, ही कथा आईने मला अशी सांगितली, जणू काल घडली.

दुपारच्या एसटीने परतलो आणि धरणावर गेलो. आई म्हणाली, “पानी भरायचं असतंय बाई, पाह्यचं काय त्यात?” तरी बसली. तिचे हात असे रिकामे मी प्रथमच पाहत होते. मी तिला स्टॉकहोमची माहिती सांगू लागले. बराच वेळ ती गप्प होती. मग तिने विचारले, “तिथल्या बायकांला पानी किती लांबून आणावं लागतंय?”

“घरात नळ असतात,” मी म्हणाले.

“मग त्यांला पाह्यला येळ असंल,” आई म्हणाली, आणि पुन्हा पाण्याकडे पाहू लागली.