ठाण्याच्या तटाआडून निसटलेला कारभारी

डोंबिवलीहून ठाण्यास जातांना कळवें मागें पडलें कीं गाडी खाडीच्या पुलावर येते. पलीकडच्या कांठावर, पुलापासून थोड्याच अंतरावर, ठाण्याचा जुना किल्ला आहे. गेल्या भाद्रपदांत नातवास बरोबर घेऊन तो पाहावयास गेलों. पाहावयास म्हणजे बाहेरूनच. कारण इंग्रजी अमलांत त्याचा तुरुंग झाला, तो आजही तुरुंगच आहे.

पोर्तुगीजांनीं १७३० सालीं हा किल्ला बांधावयास घेतला. १७३७ सालीं तो मराठ्यांनीं घेतला व १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनीं. दुसऱ्या बाजीरावाचा आवडता कारभारी त्रिंबकजी डेंगळे येथेंच कैदेंत होता. निमगांव जाळीचा हा गृहस्थ साध्या जासुदाच्या नोकरीपासून चढत चढत पेशव्यांचा उजवा हात झाला. १८१५ च्या जुलैंत गायकवाडांचे वकील गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा पंढरपुरांत खून झाला. शास्त्री इंग्रजांचा कौल घेऊन आले होते. रेसिडेंट एल्फिन्स्टन यानें खुनाचा दोष त्रिंबकजीवर ठेवला व सप्टेंबरांत पेशव्यांस त्याला इंग्रजांच्या हवालीं करावें लागलें.

देशी शिपाई कैद्यास फितूर होतील या भीतीनें पहाऱ्यावर सर्व गोरे शिपाई नेमले. सावधगिरी मोठी खरी. परंतु त्या गोऱ्यांस मराठी येत नव्हतें! एका साहेबाचा मोतद्दार कैद्याच्या खिडकीखालीं घोड्यास खरारा करतांना गाणीं म्हणे, व पळण्याचा सारा बेत त्या गाण्यांतूनच आंत पोंचे. पहारेकरी जवळ उभे राहून ऐकत. १२ सप्टेंबर १८१६ च्या रात्रीं शौचकूपाच्या भिंतीस पाडलेल्या भोंकांतून त्रिंबकजी बाहेर पडला आणि खाडी ओलांडून निसटला.

हें ऐकून नातवानें टाळीच वाजविली. “आजोबा, सुटला तें फार बरें झालें, नाहीं?” असें त्यानें विचारलें. मला लगेच होय म्हणवेना.

कारण पुढची हकीकत टाळ्यांची नाहीं. त्रिंबकजीनें महादेवाच्या डोंगरांत माणसें जमविलीं, व बाजीराव त्याला आंतून साह्य करीत असल्याचा इंग्रजांस संशय आला. १८१७ सालीं त्यांनीं सिंहगड, पुरंदर व रायगड हे किल्ले तारण म्हणून मागितले. १३ जूनच्या तहानें पेशव्यांस मराठी राज्यमंडळाचें प्रमुखत्व सोडावें लागलें, आणि त्रिंबकजीस धरून देण्याचें वचन देऊन त्याचें कुटुंब ओलीस ठेवावें लागलें. ५ नोव्हेंबरास खडकीची लढाई झाली व वर्ष उलटण्यापूर्वींच पेशवाई बुडाली. एका तुरुंगफोडीनें राज्य गेलें असें म्हणणें भोळेपणाचें होईल. तें आधींच पोखरलें होतें. परंतु इंग्रजांस हवें असलेलें निमित्त त्या रात्रीनें त्यांच्या हातीं दिलें.

१८१८ च्या जूनअखेर नाशिक प्रांतीं अहिरगांवास त्रिंबकजी पुन्हां पकडला गेला. पुढें त्याला काशीजवळ चुनारच्या किल्ल्यांत ठेविलें. १८२४ सालीं बिशप हेबर त्याला तेथें भेटला. मोतद्दाराच्या गाण्याचा इंग्रजी पद्यांत केलेला अनुवाद त्याच्या प्रवासवृत्तांत आहे. १८२९ सालीं त्रिंबकजी चुनारासच वारला. धनी बाजीराव त्या वेळीं ब्रह्मावर्तास पेन्शन घेऊन सुखानें स्नानसंध्या करीत होता.

परततांना गाडी पुन्हां पुलावर आली. खाडीस भरती होती. मीं नातवास पंढरपूरची गोष्ट सांगितली: देवदर्शन करून रात्रीं बिऱ्हाडीं परतणारे शास्त्रीबुवा, आणि वाट पाहत बसलेलीं त्यांच्या घरचीं माणसें. दिवें स्टेशन येईपर्यंत तो गप्प होता. मग म्हणाला, “आजोबा, ही गोष्ट आधीं सांगावयास हवी होती.”

त्याचें म्हणणें मला पटलें.