गाडीला गॅस बसवताना माणूस पारखा



औषधाची पक्की पावती घ्या, बियाण्याच्या पिशवीवरचा लॉट नंबर पाहा, विक्रेत्याकडे परवाना आहे का ते विचारा, असे आम्ही कृषी खात्यातली माणसे तुम्हांला वर्षानुवर्षे सांगत आलो. आपला तासगावचा द्राक्षबागाईतदार तर आता आमच्याही पुढे गेला आहे. खुंट कोणता, काडी कोणाच्या बागेतली, हे कळल्याशिवाय तो खिशात हात घालत नाही. पण हाच माणूस गाडीला सीएनजी बसवायला निघाला की एकच प्रश्न विचारतो, "किती घेणार?"

गॅसवर गाडी चालवण्यात वावगे काही नाही. पेट्रोलचा खर्च वाचतो आणि आता सांगली-मिरजेकडे पंपावर सीएनजी मिळतो. डिझेलच्या ट्रॅक्टरला सीएनजी बसवून तो फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांच्या हस्ते लोकांपुढे आणला गेला. तेव्हा हा विषय आज ना उद्या तुमच्या दारात येणारच आहे. मला सांगायचे आहे ते गॅसबद्दल नाही, तो बसवणाऱ्या माणसाबद्दल.

गेल्या वर्षी माझ्या भाच्याने जुन्या व्हॅनला किट बसवायचे ठरवले. व्हॅनमध्ये त्याची आई, बायको आणि दोन लेकरे बसतात. बेदाण्याच्या हंगामात शेडवर माणसांचे डबेही तिच्यातूनच जातात. त्याला एका गॅरेजवाल्याने निम्म्या पैशांत काम करून देतो म्हणून सांगितले. मी सोबत गेलो. किट कोणते, ते विचारले. "चांगलंय साहेब, बिनधास्त राहा," म्हणाला. टाकीचा कागद मागितला. "टाकी नवीनच समजा," म्हणाला. आरसी बुकावर नोंद कोण करून देणार, असे विचारले, तर हसला. "गावाकडं कोण बघतंय, साहेब?"

बाहेर आल्यावर भाचा म्हणाला, "मामा, निम्म्या पैशात करतोय की. उगंच कशाला खोडा घालताय?"

मी त्याला विचारले, "टाकी कुठे बसणार?"

"मागल्या शिटाच्या मागं."

"आणि मागल्या शिटावर कोण बसतं?"

तो काही बोलला नाही. लेकरे मागेच बसतात.

आता टाकीत काय असते ते समजून घ्या. मोटारीच्या चाकात आपण तीसेक पौंड हवा भरतो. सीएनजीच्या टाकीत गॅस सुमारे दोनशे बार दाबाने भरलेला असतो, म्हणजे चाकातल्या हवेच्या जवळजवळ शंभरपट. फवारणीच्या पंपाची नळी निसटली तर ती कशी फटकारते, हे तुम्ही बागेत पाहिले आहे. सीएनजीचा दाब त्याहून कितीतरी जास्त. म्हणूनच टाकी, नळी आणि व्हॉल्व्ह यांत जुगाड चालत नाही.

काही जण याहून वाईट करतात. घरच्या स्वयंपाकाच्या गॅसवर गाडी चालवतात. हा गुन्हा आहेच, पण धोका त्याहून मोठा. सीएनजी हवेपेक्षा हलका असतो, गळला तर उघड्यावर वर निघून जातो. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड. तो गाडीच्या तळाशी साचून राहतो आणि एका ठिणगीची वाट पाहतो. नोव्हेंबर २०२४ मध्ये जळगाव शहरात व्हॅनमध्ये असाच बेकायदा गॅस भरताना स्फोट झाला. माणसे होरपळली, काही दगावली.

मग चांगला फिटर ओळखायचा कसा? बियाण्याचा दुकानदार ओळखता तसाच. चार गोष्टी विचारा.

पहिली, किटचा मंजुरीचा कागद. किट सरकारमान्य संस्थेने तपासलेले असावे लागते. आपल्याकडे पुण्याची एआरएआय ही अशी एक संस्था. ही मंजुरी तीन वर्षांची असते आणि ठरावीक प्रकारच्या गाड्यांपुरती असते. तेव्हा कागदावरची तारीख पाहा आणि आपली गाडी त्यात बसते का ते पाहा. बीएस-६ गाडी असेल तर हे दोनदा पाहा.

दुसरी, किट बनवणाऱ्या कंपनीने त्या फिटरला दिलेले अधिकारपत्र. किट चांगले आणि बसवणारा अडाणी, तर उत्तम कलम मुरमाड खडकावर लावल्यासारखे होईल.

तिसरी, टाकीचा दाखला. टाकीच्या गळ्याजवळ नंबर आणि चाचणीची तारीख ठोकलेली असते. कागदावरचा नंबर आणि टाकीवरचा नंबर स्वतःच्या डोळ्यांनी जुळवून पाहा. टाकीची पाण्याच्या दाबाची चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. तिची तारीख गेली असेल तर पंपावर गॅस भरून देत नाहीत.

चौथी, आरसी बुकावरची नोंद. गाडीचे इंधन बदलले की आरटीओकडे नोंद करावीच लागते. विमा कंपनीलाही कळवावे लागते. नोंद नसेल तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करू शकते, आणि मग किटमध्ये वाचवलेले पैसे दवाखान्याच्या एका दिवसालाही पुरत नाहीत.

काम झाल्यावर फिटरला प्रत्येक जोडावर साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का ते दाखवायला सांगा. टाकीचा व्हॉल्व्ह गाडीच्या आत येत असेल तर त्यावर हवाबंद पिशवी आणि गळालेला गॅस बाहेर नेणारी नळी हवीच. चांगला फिटर अशा प्रश्नांनी चिडत नाही, उलट खुलतो. भाच्याला शेवटी असाच एक भेटला. पैसे जास्त पडले, आरटीओच्या कामात दिवसही मोडले. टाकीचा नंबर जुळवायला भाच्याची बायकोच पुढे झाली, आणि तिने तो मोठ्याने वाचून घेतला.

घरातल्या बायाबापड्यांनाही मी हेच सांगेन. गाडी मालकाची असली तरी मागच्या शिटावर तुम्ही आणि तुमची लेकरे बसता. कागद पाहायला मागण्याचा तुमचा हक्क पहिला.

आणि एक साधा नियम घरात करून ठेवा. सगळे पैसे एकदम देऊ नका. पक्की पावती, टाकीचा दाखला आणि नोंद झालेले आरसी बुक हातात पडले, की मगच उरलेली रक्कम मोजून द्या.