आमचे किरण कोण मोजणार?

आपल्या वस्तीतल्या कितीतरी घरांत कोणी ना कोणी दवाखान्यात वॉर्डबॉय, आया किंवा सफाई कामगार म्हणून राबत असते. आम्हीही त्यातलेच. एक्स-रे खात्यात आम्ही तिघे वॉर्डबॉय आणि एक आया. वयाने ती लहान, पण दवाखान्यात आयेला सगळे मावशीच म्हणतात.

पेशंटला स्ट्रेचरवरून उचलायचे, टेबलावर नीट निजवायचे आणि लहान मूल रडू लागले की त्याचे हातपाय धरून ठेवायचे, हे आमचे काम. टेक्निशियन साहेब काचेआड जाऊन बटण दाबत. त्यांच्या छातीला एक बॅज असे. आम्हाला वाटे, हुद्द्याचा असेल.

तो किरण मोजण्याचा बॅज होता. त्याला टीएलडी म्हणतात. तीन-तीन महिन्यांनी तो तपासायला पाठवतात आणि त्या माणसाच्या अंगावर किती किरण पडले, त्याचा आकडा येतो. पाच वर्षांची सरासरी धरून वर्षाला 20 मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात 30, एवढीच मर्यादा. काचेआडच्या माणसाचे मोजमाप होते, टेबलाशी उभ्या असलेल्यांचे नव्हते!

हे किरण दिसत नाहीत, अंगावर पडले तरी कळत नाहीत. 1895 साली राँटजेन यांनी ते शोधले तेव्हा कोणालाच धोका ठाऊक नव्हता. एडिसनचे मदतनीस क्लॅरन्स डॅली यंत्र तपासायला स्वतःचाच हात धरत. हात भाजले, कर्करोग झाला, हात कापावे लागले आणि 1904 साली ते वारले. एडिसनचे नाव शाळेतल्या पोरालाही माहीत आहे, डॅलीचे कोणाला?

आजच्या यंत्रावर तसे होत नाही. बटण सुटले की खोलीत किरण उरत नाहीत, कपड्यांना चिकटून घरीही येत नाहीत. आमच्या एका सोबत्याची आई त्याचे कपडे वेगळे धुवायची, ते उगाच. पण थोडे थोडे साठत गेले तर डोळ्यांत मोतीबिंदू होऊ शकतो, कर्करोगाचा धोका वाढतो. ऑपरेशनच्या वेळी सी-आर्म यंत्राखाली पाय धरून उभा राहतो, त्याने तर जास्तच जपावे.

मावशीला चौथा महिना लागला होता. आम्ही विचारले, तर म्हणाली, "भाऊ, सांगितलं तर ठेकेदार उद्यापासून येऊ नको म्हणेल." शिशाचा एप्रन एकच, तोही घडी घालून कोंबलेला. घडीने आतले शिसे तडकते. तो टांगूनच ठेवायचा असतो. हे आम्हाला कोणी सांगितलेच नव्हते.

चौकशी केली तेव्हा कळले, पोर धरायचे काम कर्मचाऱ्याचे नाहीच. अणुऊर्जा नियामक मंडळाचा नियम असा की, ते नातेवाइकाने एप्रन घालून करावे. आणि पोटातल्या बाळाला उरलेल्या महिन्यांत 1 मिलिसिव्हर्टच्या वर लागता कामा नये.

आम्ही तिघांनी सह्या करून अर्ज दिला. वरचे साहेब म्हणाले, "दहा वर्षं झाली, तुम्हाला काय झालंय?" आम्ही म्हणालो, "झालंय की नाही, तेच तर मोजलं नाही." चार दिवस कुजबुज चालली. मग मावशीला ओपीडीच्या दाराशी बसवले. आम्हाला बॅज मिळाले, ते सात महिन्यांनी.

मावशीला मुलगी झाली, सुखरूप. आता शाळेत जाते. पण तिला जरा ताप आला की मावशी आम्हाला गाठते आणि हळूच विचारते, "भाऊ, त्या चार महिन्यांत मला किती लागलं असेल?"